गिऱ्हाईक डबा घेत नाही, मग काय घेतं?



धंदा सुरू करायचा म्हटलं की सगळे आधी भांडवलाचं विचारतात. पण त्याच्याही आधीचा प्रश्न आहे: तुमच्या मालाची गरज कुणाला आहे, आणि नेमकी कशासाठी? मी हा प्रश्न विचारला नव्हता. त्याची फी भरली, म्हणून आज सांगतोय.

माझं भांड्यांचं दुकान. पहिल्याच वर्षी जूनच्या सीझनला मी तीन कप्प्यांचे, वर कार्टून असलेले स्टीलचे डबे भरले. तीस हजार रुपये गुंतवले. शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले तरी निम्म्याहून जास्त माल रॅकवरच. मी स्वतःची समजूत घातली, "आपल्या गावात लोकांना परवडत नाही."

मग एक काकू आल्या. डबा हातात घेतला आणि म्हणाल्या, "जरा पाणी आण रे." पाणी भरलं, झाकण लावलं, डबा उलटा केला. टपटप पाणी काउंटरवर! "बाळा, माझा नातू आमटी-भात नेतो. वह्या भिजल्या की बाई त्यालाच बोलतात." आणि त्यांनी माझ्याच दुकानातला, त्याहून महागाचा, रबराची रिंग आणि क्लिप असलेला डबा घेतला.

म्हणजे किंमत नडत नव्हती. त्यांना डबा नको होता, कोरडं दप्तर हवं होतं. बीबीएच्या तीन वर्षांत 'कस्टमर नीड' हा शब्द मी शंभर वेळा लिहिला असेल. अर्थ कळला तो ओला काउंटर पुसताना.

मोठ्या कंपन्यांचंही हेच आहे. नोकियाचा ११०० हा फोन आठवतोय? २००३ साली आला. ना कॅमेरा, ना रंगीत स्क्रीन. पण त्याला टॉर्च होता, आणि धूळ आत जाऊ नये असा कीपॅड. त्या काळात आपल्याकडे लोडशेडिंग किती होतं, आठवून बघा. रात्री विहिरीवर मोटर चालू करायला जाणाऱ्या माणसाला कॅमेऱ्याचा काय उपयोग? जगभरात हा फोन २५ कोटींच्या वर विकला गेला.

आता आपल्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण. त्यांना दुपारच्या थाळीचा व्यवसाय करायचा होता. मुद्रा योजनेतल्या 'शिशु' गटातून ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, त्याची कागदपत्रंही तयार होती. मी विचारलं, "ताई, गिऱ्हाईक मिळेल कशावरून?" म्हणाल्या, "तीस जणांना विचारलंय, मी थाळी सुरू केली तर घ्याल का? सगळे हो म्हणाले."

अहो, नाही कोण म्हणणार? ओळखीचा माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. तो 'हो' भिडेचा असतो. त्याच्यावर हप्ता फिटत नाही.

मी म्हटलं, कर्जाचा अर्ज आठ दिवस थांबवा. दहा घरी जा. 'घ्याल का' हा प्रश्न बंद. काल रात्री काय जेवलात? कुणी केलं? शेवटचं बाहेरून कधी आणलं? किती पैसे गेले? काय खटकलं? एवढंच विचारा आणि गप्प बसून ऐका.

ताई आल्या त्या वेगळंच घेऊन. थाळीची अडचण कुणालाच नव्हती. दुपारी बहुतेकजण घरचाच डबा नेत होते. पण नोकरी करणाऱ्या सात बायकांनी जवळपास एकच सांगितलं, "भाजी, वरण-भात होतो हो. संध्याकाळी सातला घरी आल्यावर कणीक मळायचं जिवावर येतं."

ताईंनी थाळी रद्द केली. घरचाच तवा, घरचाच गॅस, एफएसएसएआयची नोंदणी, आणि फक्त संध्याकाळच्या घडीच्या पोळ्या. आठवड्याचे पैसे आगाऊ. सात घरांपासून सुरुवात झाली. रविवारी मागणी पडते, तो प्रश्न अजून सुटलेला नाही. पण डोक्यावर कर्ज नाही, आणि कुठल्या वेळेला कुणाला काय हवंय हे त्यांना माहिती आहे.

तुम्ही काय करायचं?

१. पुढचं विचारू नका, मागचं विचारा. 'घेणार का' यापेक्षा 'मागच्या वेळी काय केलंत' याचं उत्तर खरं असतं.

२. 'नाही'ची वही ठेवा. रिकाम्या हाताने परत गेलेल्या गिऱ्हाइकाने काय मागितलं, ते त्याच दिवशी लिहा. महिन्याभरात पुढचा माल काय भरायचा ते वहीच सांगेल.

३. वापरणारा कोण आणि पैसे देणारा कोण, हे वेगळं करा. माझ्या डब्यावरचं कार्टून पोरांना आवडलं होतं. पैसे काकू देणार होत्या.

४. आधी थोडं विकून बघा. तोंडी 'हो'पेक्षा आगाऊ दिलेले शंभर रुपये जास्त खरे.

या आठवड्याचा गृहपाठ: पाच माणसांना भेटा, शक्यतो नातेवाईक नकोत. तुमची आयडिया अजिबात सांगू नका. त्यांची अडचण त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.

माझे ते कार्टूनचे डबे? शेवटी कोरड्या खाऊचे डबे म्हणून कमी भावात काढले. एक मात्र ठेवलाय, काउंटरवर, सुट्ट्या पैशांसाठी. रोज दिसतो, रोज आठवण करून देतो.