स्तुती, शिव्या आणि एक वायपर

७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडच्या टेबलटॉप धावपट्टीवरून दुबईहून आलेले विमान भर पावसात खाली कोसळले. २१ जण दगावले. त्यांत वैमानिक कॅप्टन दीपक साठेही होते. इंधन संपवण्यासाठी त्यांनी घिरट्या घातल्या, म्हणून आग लागली नाही, अशी कथा लगोलग मोबाइलवर फिरली. प्रत्यक्षात उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडून द्यावा लागला होता, एवढेच.

सप्टेंबर २०२१मध्ये चौकशी अहवाल आला. विमान जवळपास अर्धी धावपट्टी ओलांडून टेकले. सहवैमानिकाने पुन्हा वर घ्यायला सांगूनही ते थांबवण्याचाच प्रयत्न झाला. मग मी वाचलेल्या चर्चांत हाच माणूस गुन्हेगार ठरला. (हार घालणारे हात तेच असावेत, असा माझा संशय!)

शिकागो कराराच्या १३व्या परिशिष्टानुसार अशा चौकशीचा हेतू अपघात टाळणे हा असतो, दोषी ठरवणे नव्हे. त्यामुळे मृताची चूक स्पष्ट सांगण्यात मला अनादर दिसत नाही. मात्र ती पूर्ण सांगावी. पाठीमागून येणारा वारा, यंत्रणेतल्या त्रुटी आणि कॅप्टनच्या काचेवरचा बंद पडलेला वायपर, हेही त्याच अहवालात आहे. वायपरविषयी ना भक्त बोलले, ना टीकाकार.