पित्तनलिकेतील जन्मजात पुटी आणि शस्त्रक्रियेची वेळ : वयोगटनिहाय विवेचन

प्रस्तावना :
यकृतातील पित्त लहान आतड्यात वाहून नेणारी नलिका जन्मतःच फुगलेली असणे, या विकृतीस पित्तनलिकेची जन्मजात पुटी म्हणतात. आशियाई देशांत, विशेषतः जपानमध्ये, तिचे प्रमाण अधिक असून स्त्रियांमध्ये ते पुरुषांच्या तीन ते चार पट आहे. तोदानी यांचे १९७७ मधील पाच प्रकारांचे वर्गीकरण आजही प्रमाण मानले जाते. शस्त्रक्रिया कोणत्या वयात करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कारणमीमांसा :
बॅबिट यांच्या १९६९ मधील उपपत्तीनुसार, पित्तनलिका व स्वादुपिंडनलिका आतड्याच्या भित्तीबाहेरच एकत्र आल्यास स्वादुपिंडरस पित्तनलिकेत शिरतो आणि अस्तराचा दाह होतो. दीर्घकालीन दाहातून कर्करोग उद्भवू शकतो. १९८३ मधील एका अभ्यासात कर्करोगाचे प्रमाण पहिल्या दशकात ०.७ टक्के, दुसऱ्या दशकात ६.८ टक्के, तर त्यानंतर १४.३ टक्के आढळले. म्हणजेच वाढते वय हाच येथे धोका ठरतो.

वयोगटनिहाय विचार :
१) नवजात : गर्भावस्थेतील सोनोग्राफीत पुटी दिसल्यास जन्मानंतर पित्तनलिका-अविवरता नाही, याची खात्री प्रथम करावी लागते, कारण तिची शस्त्रक्रिया साधारणतः ६० दिवसांच्या आत होणे हितावह असते. कावीळ असल्यास विलंब करू नये. लक्षणे नसल्यास देखरेखीखाली काही महिने थांबता येते. मात्र प्रदीर्घ प्रतीक्षेत यकृतसूत्रण वाढू शकते.

२) बालक : पोटदुखी, कावीळ व पोटातील गाठ ही तिन्ही लक्षणे एकत्र क्वचितच दिसतात. निदान निश्चित होताच नियोजित शस्त्रक्रिया श्रेयस्कर ठरते.

३) प्रौढ : पित्तनलिकादाह, स्वादुपिंडदाह वा खडे असल्यास आधी संसर्ग आटोक्यात आणून मग शस्त्रक्रिया करतात. कर्करोगाची तपासणीही आवश्यक असते.

शस्त्रक्रियेचे स्वरूप :
पूर्वी पुटी तशीच ठेवून ती आतड्यास जोडली जात असे. परंतु उरलेल्या अस्तरात कर्करोग उद्भवत असल्याने ती पद्धत मागे पडली. आता सामान्यतः पुटी पूर्णपणे काढून यकृतनलिका आतड्यास जोडतात. तिसऱ्या व पाचव्या प्रकारांचे उपचार मात्र भिन्न आहेत.

निष्कर्ष :
लक्षणांचा अभाव म्हणजे धोक्याचा अभाव नव्हे. बालवयातील शस्त्रक्रियेने धोका बराच घटतो, तथापि तो पूर्णपणे नाहीसा होत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही आजीवन तपासणी आवश्यक ठरते.