‘जातीय निवाडा’ आणि वऱ्हाडचा प्रतिनिधी

धर्म आणि राजकारण यांच्या परस्परसंबंधाची चर्चा बहुधा श्रद्धेपासून सुरू होते. परंतु अनेकधर्मीय समाजात धर्म राजकारणात शिरतो तो दर वेळी श्रद्धेच्याच दाराने शिरतो असे नाही. मतदारांची यादी कोणत्या पायावर करावी, ह्या वरकरणी कारकुनी वाटणाऱ्या प्रश्नातूनही त्याचा प्रवेश होऊ शकतो. यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे १८८० साली जन्मलेले लोकनायक माधव श्रीहरी तथा बापूजी अणे यांच्या राजकीय चरित्रातील एक प्रकरण ह्या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

१९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघ निर्माण केले. १९१६ च्या लखनौ करारात काँग्रेसने ते मान्य केले, आणि मध्यप्रांतात मुसलमानांना लोकसंख्येच्या प्रमाणापेक्षा पुष्कळच अधिक, म्हणजे शेकडा १५ जागा देण्याचे ठरले. टिळकांची त्या करारास संमती होती. पुढे १९१९ च्या कायद्यान्वये जे मध्यवर्ती कायदेमंडळ अस्तित्वात आले, त्यातील मतदारसंघांची नावे लक्षणीय आहेत. एका गटास ‘मुस्लिम’ आणि दुसऱ्यास ‘बिगर-मुस्लिम’ असे नाव होते. ह्या दुसऱ्या नावात हिंदू, जैन, पारशी इत्यादी सर्वांची ओळख केवळ नकाराने करून दिली होती. तुम्ही कोण आहात, हे ते नाव सांगत नसे. कोण नाही एवढेच सांगे.

ह्याला एक अपवाद होता. बापूजींच्या नावापुढे त्या सभागृहाच्या कामकाजात ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’ एवढाच उल्लेख येई. त्यामागे उदार विचार मात्र नव्हता. १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असूनही वऱ्हाड कायद्याच्या भाषेत निजामाचाच मुलूख होता. १९०२ च्या करारानेही तो कायम पट्ट्याने दिला गेला, तोडून दिला गेला नाही. ह्या तांत्रिक अडचणीमुळे तेथील प्रतिनिधीस धर्माचे नव्हे, तर प्रदेशाचे नाव मिळाले.

प्रदेशाचे प्रश्न धर्माच्या यादीत बसत नाहीत, ह्याचा प्रत्यय १९३० साली आला. त्या वर्षीच्या जुलैमध्ये पुसद येथे बापूजींनी जंगल सत्याग्रह केला. राखीव रानातील गवत कापून कायदा मोडण्यात आला व त्यांना अटक झाली. ह्या जिल्ह्यात गोंड, कोलाम, परधान, आंध, बंजारा, कुणबी, मुसलमान अशा अनेक समाजांची वस्ती आहे. मराठीबरोबरच गोंडी, कोलामी, गोरमाटी व उर्दू येथे बोलल्या जातात. देव निरनिराळे असले, तरी गुरांना गवत आणि चुलीला सरपण सर्वांनाच लागते. ह्या प्रश्नावर उभे राहणाऱ्या राजकारणाला माणसाचा धर्म विचारण्याचे कारण पडत नाही.

दोनच वर्षांनी चित्र पालटले. १६ ऑगस्ट १९३२ रोजी ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी आपला निर्णय जाहीर केला. मराठीत त्याला ‘जातीय निवाडा’ असे नाव पडले. हा शब्द थोडा थांबून पाहिला पाहिजे. ‘जात’ ह्या शब्दाने मराठीत प्रथम बोध होतो तो हिंदू समाजातील जन्मसिद्ध भेदाचा. परंतु ‘जातीय’ हे विशेषण धर्मसमूहांनाही लावले जाई, आणि ‘जातीय दंगल’ ह्या प्रयोगात ते आजही त्या अर्थाने टिकून आहे. परिणामी एकाच शब्दाखाली दोन भिन्न प्रश्न झाकले गेले. मुसलमान, शीख, ख्रिस्ती यांना दिलेले विभक्त मतदारसंघ धर्मभेदावर आधारलेले होते. अस्पृश्यांच्या मागणीचे मूळ मात्र, ज्यांना एकाच धर्माचे मानले जाई त्यांच्यातील सामाजिक दास्यात होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने यांपैकी दुसऱ्या प्रश्नापुरताच बदल केला: विभक्त मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा आल्या. पहिला प्रश्न होता तसाच राहिला.

त्यावरच १९३४ मध्ये फूट पडली. मुसलमान समाज दुरावू नये म्हणून काँग्रेसने निवाडा स्वीकारावयाचा नाही आणि नाकारावयाचाही नाही, असे धोरण ठरविले. ते न पटल्यामुळे पंडित मदनमोहन मालवीय व बापूजी अणे बाहेर पडले आणि त्यांनी काँग्रेस राष्ट्रीय पक्ष स्थापन केला.

ह्या विरोधाचे नीट पृथक्करण केले असता त्यात दोन आक्षेप मिसळलेले दिसतात. मतदाराचे वर्गीकरण धर्माने करणे हेच मुळात अयोग्य, हा पहिला आक्षेप. वाटणीत हिंदूंना, विशेषतः बंगालमध्ये, जागा कमी मिळाल्या, हा दुसरा. पहिला आक्षेप नागरिकाचा आहे. दुसरा करणाऱ्याने वाटणी धर्मावारी व्हावयाची हे गृहीत धरलेलेच असते. त्याची तक्रार फक्त हिश्श्याबद्दल असते. नव्या पक्षाला विशेष यश लाभले ते बंगालमध्येच. राष्ट्रीय म्हणवणाऱ्या पक्षाचे बळ हिंदूंच्या दुखावलेल्या भावनेतून यावे, ह्यात त्या नेत्यांची अप्रामाणिकता शोधण्याचे कारण नाही. राज्यसंस्थेने एकदा धर्म हे राजकीय गणनेचे एकक ठरविले, की त्या गणनेला विरोध करणाऱ्यालाही तिच्याच भाषेत बोलावे लागते, हे त्यातून दिसते.

तथापि दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. बहुसंख्यांच्या मतांखाली आपण कायमचे दडपले जाऊ, ही अल्पसंख्यांची भीती काल्पनिक म्हणून उडवून लावण्यासारखी नव्हती. केवळ संयुक्त मतदारसंघ दिल्याने ती आपोआप नाहीशी होत नाही.

भारतीय संविधानाने ह्या अनुभवावरून दुहेरी उत्तर काढले. अनुच्छेद ३२५ अन्वये प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण मतदारयादी असते. धर्म, वंश, जात वा लिंग ह्या कारणाने कोणालाही तीतून वगळता येत नाही. धर्मस्वातंत्र्य व अल्पसंख्यांचे सांस्कृतिक हक्क यांना मूलभूत हक्कांचे संरक्षण मिळाले. राखीव जागा मात्र अनुसूचित जाती व जमातींसाठी, संयुक्त मतदानानेच भरावयाच्या, अशी व्यवस्था झाली. २००८ च्या पुनर्रचनेनुसार यवतमाळ जिल्ह्यातील विधानसभेच्या सात मतदारसंघांपैकी राळेगाव व आर्णी हे अनुसूचित जमातींसाठी आणि उमरखेड हा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तेथे उमेदवार विशिष्ट समाजाचा असला, तरी त्याला मते मागावी लागतात ती सर्वांकडे.

‘बिगर-मुस्लिम’ ह्यासारखी नावे मतदारसंघांवरून गेली, आणि वणी, पुसद, दिग्रस अशी गावांची नावे तेथे आली. धर्म व जात यांच्या आधारे मते मागण्याची वृत्ती एवढ्याने संपली, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती वृत्ती पक्षांच्या व्यवहारात असणे आणि तिला राज्याच्या यादीतच स्थान असणे, यांत मोठे अंतर आहे. पहिलीचा प्रतिकार मतदार करू शकतो. दुसरी त्याला प्रतिकाराची भाषाच शिल्लक ठेवीत नाही.