सावलीतला पारा, उन्हातली माणसं

मार्च लागला की औंढ्याहून वसमतकडे जाताना शिरड शहापूरच्या शिवारात ओल्या हळदीचा वास आणि ती शिजवणाऱ्या कुकरची वाफ बरोबरच अंगावर येतात. ट्रॅक्टरने वरंबे उकरून ठेवलेले असतात आणि ढेकळांत बायकांची टोळी ओळीने बसलेली असते. गड्डा उचलायचा, माती झाडायची, हळकुंडं मोडून वेगळी करायची आणि पाटी भरली की ढिगावर नेऊन ओतायची. साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा जुना शर्ट, डोक्याला घट्ट रुमाल. पाण्याचा कॅन बांधावरच्या लिंबाखाली असतो, आणि तो लिंब कामाच्या ओळीपासून चांगला दूर असतो.

हे गाव बाहेरच्यांना मल्लिनाथांच्या जैन मंदिरामुळे माहीत आहे. पंचक्रोशीचं पोट मात्र हळदीवर आणि सोयाबीनवर चालतं. ‘वसमत हळदी’ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हळद संशोधन केंद्र उभं राहिलं. कौतुक करावं असंच आहे सगळं. पण या पिकाचं वेळापत्रक कुणी मजुराच्या बाजूने पाहिलेलं दिसत नाही. लागवड मे-जूनमध्ये, काढणी, शिजवणी आणि वाळवणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. नऊ महिन्यांच्या पिकाची सगळ्यात अंगमेहनतीची कामं नेमकी उन्हाळ्याच्या दोन टोकांना येतात, आणि ती टोकं आता आणखी तापत चालली आहेत.

कुकरजवळ उभं राहिल्याशिवाय यातली मेख कळत नाही. मधल्या बॉयलरखाली जाळ, त्याची वाफ पाइपांतून भोवतीच्या पिंपांत. एक पिंप शिजलं की झाकण उघडायचं, वाफाळती हळद खाली पाडायची, लगेच पुढचा घाणा भरायचा. पाच क्विंटल ओल्या हळदीची जेमतेम क्विंटलभर वाळली हळद होते, म्हणजे विकल्या जाणाऱ्या मालाच्या पाचपट ओझं माणसांच्या हातांतून जातं. वरून ऊन, समोरून जाळ आणि तोंडावर वाफ. घाम येतो, पण दमट हवेत तो वाळत नाही. आणि घाम वाळला तरच अंग निवतं.

अशा वेळी मोबाइलवर तापमान दिसतं ४० अंश. हा आकडा हवामान खात्याच्या जाळीदार पांढऱ्या पेटीतला, म्हणजे सावलीतला. मैदानी भागात पारा किमान ४० आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेला, किंवा सरळ ४५ ला टेकला, की खातं उष्णतेची लाट म्हणतं. शेतीसाठी हा हिशेब ठीक असेल, शेतमजुरासाठी नाही. कामाच्या जागेचा ताप मोजायला वेगळं माप आहे. त्यात ७० टक्के वजन ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापीला, २० टक्के उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमापीला आणि फक्त १० टक्के साध्या पाऱ्याला. कतारने २०२१ मध्ये या मापावर ३२.१ अंशांच्या वर उघड्यावरचं काम बंद करण्याचा नियम केला. आपल्याकडे शेतात हे मोजणारं यंत्र कुणी पाहिलेलंही नाही. याच औंढा तालुक्यात दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची प्रयोगशाळा उभी राहते आहे. केंद्राने २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. विज्ञानाला पैसा मिळावाच. पण अब्जावधी प्रकाशवर्षांवरची थरथर मोजणाऱ्या तालुक्यात कुकरजवळच्या माणसाला किती ताप सोसावा लागतो हे मोजायची सोय नाही.

जगाच्या आकड्यांतही हीच खोट आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की २०३० पर्यंत भारत उष्णतेपायी कामाचे ५.८ टक्के तास गमावेल, म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतकं काम. हा अंदाज शेतीचं काम सावलीत होतं असं धरून काढलेला आहे. शिरडच्या शिवारात ती सावली दाखवा म्हणावं.

ऊन लागून माणूस कोसळला तर निदान चार लोक धावतात. न कोसळता होणारं नुकसान कुणी मोजत नाही. टोळीतल्या बायका सकाळपासून पाणी बेतानं पितात, कारण मोकळ्या रानात आडोसा नसतो. उन्हाळी लागते, लघवीला आग होते, धन्याजिऱ्याचं पाणी पिऊन ती निभावली जाते. दर हंगामात असंच शरीर सुकवत राहिलं तर मूत्रपिंडावर काय परिणाम होतो हे मध्य अमेरिकेतल्या उसाच्या फडांनी दाखवलं आहे. एल साल्वादोर आणि निकाराग्वामध्ये ना मधुमेह, ना रक्तदाब असे तरुण तोडणी कामगार मूत्रपिंड निकामी होऊन मेले. मग निकाराग्वातल्या एका साखर कारखान्याने फडात हलवता येणारे मांडव, पाणी आणि सक्तीची विश्रांती सुरू केली. ती वाढवत नेल्यावर एका हंगामातून दुसऱ्यात मूत्रपिंडाला इजा होणाऱ्या तोडणी कामगारांचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं. औषध काही नवं नव्हतं. विश्रांती मर्जीवर सोडली नव्हती, एवढंच.

आपल्याकडे दर वर्षी सूचना निघते : दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडू नका. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ती चिकटते. पण हळद काढायची ती गुत्त्यानं. एकराचा किंवा क्विंटलचा भाव ठरला की टोळी जितकी लवकर मोकळी होईल तितकं पुढचं रान हातात येतं. बसली त्या तासाचा पैसा बुडाला. रोजानं जाणाऱ्या बाईलाही दुपारी उठून गेल्यावर पुढच्या खेपेला बोलावणं येईलच असं नाही. शेतकऱ्याला दोष देऊन तरी काय होणार? कुकर भाड्याचा, वळवाची धास्ती, आणि काढलेली हळद फार दिवस ठेवता येत नाही. त्यामुळे ‘जनजागृती’ या शब्दाचा मला आता कंटाळा आला आहे. ऊन किती वाईट असतं हे या बायकांना सांगायला कुणी शहरातून यायची गरज नाही. त्यांना हवा आहे दुपारच्या विसाव्याचा मोबदला.

कायदा इथे फारसा पोचत नाही. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता मुख्यतः दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांचा विचार करते. सहा बायकांची टोळी ही कुणाची आस्थापना? रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्याने निदान कामावर पिण्याचं पाणी, मुलांसाठी सावली, विश्रांती आणि प्रथमोपचार पेटी एवढं लिहून ठेवलं होतं. खासगी रानात तेही नाही. १५ व्या वित्त आयोगाच्या काळातली केंद्राची १२ आपत्तींची यादी काढून बघा. तीत थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. राज्यांना आपल्या आपत्ती निधीतला १० टक्क्यांपर्यंतचा वाटा स्थानिक आपत्तींवर खर्चता येत होता, तेवढीच वाट उरत होती. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या सोहळ्यात उन्हाने १४ जण दगावले तेव्हा सरकारने वारसांना पाच लाख जाहीर केले. तो मृत्यू कॅमेऱ्यांसमोरचा होता. रानातला मृत्यू बहुधा ‘हृदय बंद पडून’ एवढ्यावर मिटतो.

‘सेवा’ या महिला संघटनेने गुजरातेत सुरू केलेला उष्णता विमा २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि राजस्थानातही पोचला. पारा ठरलेल्या मर्यादेवर गेला की बाईच्या खात्यात थेट पैसे येतात. त्या उन्हाळ्यात सुमारे ५० हजार जणींना ४०० रुपयांची पहिली मदत मिळाली. रक्कम लहान आहे, पण न केलेल्या कामाचा पैसा देता येतो हे त्यातून दिसलं.

शिरडच्या रानात एवढं तरी लगेच करता येईल. हंगामाचा पहिला आठवडा नव्या माणसाला अर्ध्या वेळाचंच काम द्यावं. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात आणि घात सहसा पहिल्याच दिवसांत होतो. शिजवणी पहाटे आणि रात्री. कामाच्या ओळीबरोबर सरकवता येईल असा चार बांबूंचा, बारदानाचा मांडव, आणि त्याच्याच एका कोपऱ्यात साडीचा आडोसा, म्हणजे बायका पोटभर पाणी पितील. कुणी बरळायला लागलं, शुद्ध हरपली, अंग तव्यासारखं तापलं, तर कांदा हुंगवत बसू नये आणि तोंडात पाणीही ओतू नये. १०८ ला फोन लावावा आणि गाडी येईपर्यंत कुकरसाठी भरलेल्या टाकीतलं गार पाणी अंगावर ओतत राहावं, वारा घालावा. आधी गार करायचं, मग हलवायचं. पहिल्या अर्ध्या तासावर बरंच काही अवलंबून असतं.

हा अंक हाती येईल तेव्हा रानात हळद उभी असेल. काढणीच्या गुत्त्याची बोलणी संक्रांतीच्या आगेमागे सुरू होतील. हळद लावणाऱ्या वाचकांना एकच विनंती : त्या बैठकीत भावाबरोबर दुपारच्या तीन तासांचा रोज आणि मांडवाचा खर्चही ठरवून टाका, आणि तो मुकादमाच्या वहीत लिहून घ्या.