जुने स्पार्क प्लग : किलोने विकावेत की नगाने?

गॅरेजमध्ये काढलेला जुना प्लग डब्यात पडतो आणि डबा भरला की किलोच्या भावाने भंगारात जातो. लोखंड म्हणून त्याची किंमत ती काय असणार! परंतु अमेरिका व इंग्लंडमध्ये 1930 पूर्वीचे प्लग एकेक नग पारखून घेणारे शौकीन आहेत. अमेरिकेत तर त्यांची स्वतंत्र संघटना आहे. मोटारींच्या जुन्या सामानाचा व्यवहार करणाऱ्या बांधवांनी ही पारख शिकून घेण्यासारखी आहे.

प्रथम नाव पाहावे. 'चॅम्पियन' आणि 'एसी' ही दोन्ही नावे एकाच माणसाची! अल्बर्ट चॅम्पियन हा पॅरिसचा सायकलपटू. 1899 ची पॅरिस-रूबे शर्यत त्याने जिंकली होती. अमेरिकेत जाऊन 1905 मध्ये त्याने बोस्टनला भागीदारीत धंदा उघडला. 1908 मध्ये तो भागीदारांना सोडून फ्लिंट येथे जनरल मोटर्सच्या ड्युरंटकडे गेला. नाव मात्र भागीदारांकडेच राहिले. त्यांनी टोलेडोला जाऊन 'चॅम्पियन' मोठी केली आणि खुद्द चॅम्पियनची कंपनी 1922 पासून त्याच्या आद्याक्षरांवर, 'एसी' या नावाने चालू लागली. भागीदारीत उतरणाऱ्यांनी हा किस्सा ध्यानात ठेवावा. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. त्यामुळे मुंबईच्या जुन्या मालात 'एसी' सापडला तर नवल नाही.

नंतर प्लगचे अंग पाहावे. पांढऱ्या चिनी मातीऐवजी पातळ चकत्यांची चळत दिसली तर तो अभ्रकाचा प्लग. इंग्लंडच्या 'केएलजी'चे असे प्लग प्रसिद्ध होते. अभ्रक हा त्या काळी हिंदुस्थानचा मोठा निर्यातीचा माल, कोडरमा-हजारीबागच्या खाणींतला. पेट्रोलमध्ये शिसे मिसळू लागल्यावर ते अभ्रकाला खाऊ लागले आणि 1930 नंतरच्या दशकात ॲल्युमिनाच्या पक्क्या सिरॅमिकने त्याची जागा घेतली. काही प्लगांच्या डोक्यावर छोटी पितळी वाटी व कॉक असतो. थंडीत इंजिन सुरू होईना तर त्यातून पेट्रोल आत सोडत. असा नग हाती लागला तर घाईने विकू नये. उलट फोर्ड मॉडेल टी गाडीचे, अर्धा इंची निमुळत्या आट्यांचे प्लग पुष्कळ मिळतात. 1908 ते 1927 या काळात त्या गाड्याच दीड कोटीवर निघाल्या! त्यांना फार भावाची आशा धरू नये.

आपले कारागीर चूक करतात ती येथे. माल चांगला दिसावा म्हणून ते बफ मारतात, तारेचा ब्रश फिरवतात. त्याने निकेलचा मुलामा उडतो, मातीवरची अक्षरे पुसली जातात आणि शौकिनाच्या लेखी नग बाद होतो. रॉकेल व दात घासायचा मऊ ब्रश पुरे. जुन्या तांब्याच्या वायसरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो घासू नये, उकलू नये.

परदेशातील ग्राहक फोटो पाहूनच सौदा करतो. फ्लॅश वापरू नये. चकचकीत मातीवर त्याचा पांढरा डाग पडतो व नेमके नावच दिसत नाही. खिडकीजवळच्या सौम्य उजेडात, करड्या कागदावर प्लग आडवा ठेवावा, शेजारी पट्टी ठेवावी. षटकोनावरचे ठोकलेले अक्षर वाचता येत नसेल तर उजेड अगदी बाजूने पडू द्यावा, म्हणजे खळगे सावलीने उठून दिसतात. नाव, षटकोन आणि खालची टोके असे तीन फोटो तरी हवेत. तडा असेल तर त्याचा चौथा. तडा डोळ्यांना दिसला नाही तरी नखाला लागतो, तेव्हा नख फिरवून पाहावे. मूळ पत्र्याची वा पुठ्ठ्याची डबी असेल तर ती फाटकी असली तरी टाकू नये, नगासोबतच द्यावी. पाठवताना प्रत्येक प्लग वेगळा गुंडाळावा. दोन प्लग एकमेकांवर आपटले की माती फुटलीच म्हणून समजा.