पहिला स्नोबोर्ड : फळीआधी बूट!

दोन्ही पाय एकाच फळीवर पक्के बांधून, देह उताराला आडवा ठेवून, केवळ तोलाच्या बळावर बर्फावरून वळणे घेत खाली उतरणे म्हणजे स्नोबोर्डिंग. महाराष्ट्रातील मैदानी मुलखात वाढलेल्या माणसाला हा खेळ एके काळी केवळ दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसे. आता हिवाळ्यात गुलमर्ग वा औली गाठणारे तरुण आणि अमेरिका, कॅनडा, युरोपात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे यांच्यामुळे तो घराघरांत चर्चेचा विषय होऊ लागला आहे. चार दिवस धडपडून खेळाची गोडी लागली, की स्वतःचा बोर्ड घ्यावा, असे प्रत्येकालाच वाटते. नेमक्या याच टप्प्यावर बहुतेकांची फसगत होते.

चुकीचा बोर्ड हे केवळ पैशांचे नुकसान नाही. अतिताठ, अतिलांब किंवा पायाला अरुंद पडणारा बोर्ड नवशिक्याला वारंवार आपटवतो. आपल्यालाच हा खेळ जमत नाही, असा समज होऊन तो कायमचा दूर जातो, तर कधी मनगट मोडून घरी परततो. म्हणूनच खरेदीपूर्वी या फळीचे शास्त्र थोडे समजून घेणे अगत्याचे आहे.

खेळण्यातून ऑलिंपिकपर्यंत

या खेळाचे मूळ अमेरिकेतील मिशिगन राज्यात सापडते. मस्कीगन येथील अभियंता शर्मन पॉपेन यांनी १९६५च्या नाताळात आपल्या मुलींसाठी दोन स्की शेजारी-शेजारी जोडून एक खेळणे तयार केले. बर्फ आणि समुद्रलाटा या दोहोंच्या इंग्रजी नावांचा मेळ घालून त्यास 'स्नर्फर' असे नाव मिळाले. पुढे १९७७मध्ये जेक बर्टन कारपेंटर यांनी व्हरमाँट राज्यात बोर्ड बनवण्याचा उद्योग सुरू केला. टॉम सिम्स यांच्यासारख्या अन्य प्रवर्तकांनीही या फळीत सुधारणा केल्या. प्रारंभी बहुतेक स्की केंद्रांनी या नव्या मंडळींना दारातच अडवले. तथापि, १९९८च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंगचा समावेश झाला आणि त्यास राजमान्यता लाभली. अमेरिकेतील आल्टा, डिअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन या तीन केंद्रांवर मात्र आजही फक्त स्कीलाच प्रवेश आहे.

प्रथम बूट

दुकानात शिरताच नजर जाते ती रंगीबेरंगी बोर्डांकडे. जाणकार प्रशिक्षक मात्र सर्वप्रथम बूट घ्यायला सांगतात. त्याचे कारण सरळ आहे. शरीराची प्रत्येक हालचाल बोर्डापर्यंत पोहोचते ती बुटातूनच. बूट सैल असेल, तर टाच आत वर-खाली होते आणि वळण घेण्याचा आदेश बोर्डाला उशिरा मिळतो. तोल सावरण्यासाठी मग बोटे आवळली जातात आणि तासाभरात पाय भरून येतात.

योग्य मापाच्या बुटात ताठ उभे राहिल्यास बोटांची टोके पुढच्या भागाला हलकेच टेकतात, गुडघे वाकवल्यावर ती किंचित मागे सरकतात आणि टाच जागची हलत नाही. बुटाचे अस्तर काही दिवसांच्या वापराने दबते, त्यामुळे नवा बूट थोडा आवळ असणेच इष्ट. मोजा एकच आणि पातळ लोकरीचा वा कृत्रिम धाग्याचा असावा. दोन मोजे चढवल्याने ऊब वाढण्याऐवजी रक्ताभिसरणास अडथळा होतो. नाडीचा प्रकार, मग ती साधी असो, ओढून अडकवायची असो वा चकती फिरवून आवळायची, हा सोयीचा भाग आहे. निर्णय मापावर व्हावा.

लांबी ठरते वजनावर

बोर्ड उभा धरला असता त्याचे टोक हनुवटी आणि नाक यांच्या दरम्यान यावे, हा जुना ठोकताळा अजूनही ऐकू येतो. अंदाजासाठी तो ठीक आहे. परंतु बोर्डाला उंची कळत नाही, त्याला कळते ते वजन. एकाच उंचीच्या ६० आणि ८५ किलो वजनाच्या दोघांना एकच बोर्ड चालणार नाही. हलक्या माणसाकडून लांब बोर्ड वाकत नाही आणि जड माणसाखाली आखूड बोर्ड वेगात थरथरतो. म्हणून प्रत्येक उत्पादक आपल्या बोर्डासोबत वजनाचा तक्ता देतो, तो आधी पाहावा. प्रौढांचे बहुतेक बोर्ड १४० ते १६५ सेंटिमीटर लांबीचे असतात. आपल्या वजनाला सुचवलेल्या मर्यादेत किंचित आखूड बोर्ड निवडल्यास नवशिक्याला वळवणे सोपे जाते.

लांबीइतकीच रुंदी महत्त्वाची. बूट बोर्डाच्या कडांबाहेर फार डोकावत असतील, तर वळताना चवडा वा टाच बर्फात घासते आणि बोर्ड हातचा सुटतो. मोठ्या पावलांसाठी, म्हणजे साधारणपणे अमेरिकन मापाचे ११ क्रमांक व त्यापुढील पुरुषांचे बूट वापरणाऱ्यांसाठी, 'वाइड' प्रकारचे बोर्ड मिळतात. उलटपक्षी, लहान पावलांना रुंद बोर्ड दिला, तर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाताना दमछाक होते. महिलांसाठीचे बोर्ड तुलनेने अरुंद आणि मऊ असतात, ते याच कारणामुळे. बूट आधी घ्यावेत, असे म्हणण्यामागे हेही एक कारण आहे.

कमान, झोका आणि सपाटी

बोर्ड जमिनीवर ठेवून बाजूने पाहिल्यास त्याची घडण लक्षात येते. मधला भाग धनुष्यासारखा उचललेला असेल, तर त्यास 'कॅम्बर' म्हणतात. त्यावर उभे राहिले की कमान दबते आणि कडेचा मोठा भाग बर्फाला घट्ट धरतो. कडक बर्फावर आणि वेगात हा प्रकार विश्वासू ठरतो, पण चूक खपवून घेत नाही. झुलत्या खुर्चीच्या पायासारखी दोन्ही टोके वर आणि मध्य खाली असेल, तर तो 'रॉकर'. त्याच्या कडा सहजी अडकत नाहीत आणि मऊ बर्फावर तो तरंगतो, मात्र कडक बर्फावर त्याची पकड कमी पडते. 'फ्लॅट' म्हणजे सपाट, आणि 'हायब्रिड' म्हणजे या प्रकारांचे मिश्रण.

कड अडकणे म्हणजे काय, हे नवशिक्याला पहिल्याच दिवशी उमगते. बोर्ड सपाट ठेवून घसरताना उताराकडील कड क्षणभर बर्फात रुतते. फळी थांबते, माणूस थांबत नाही. तो सरळ पाठीवर किंवा तोंडावर आदळतो. त्यामुळे सपाट किंवा टोकांशी किंचित उचललेला मिश्र आकार पहिल्या बोर्डासाठी सोयीचा ठरतो.

लवचिकतेबाबतही हेच सूत्र लागू पडते. बहुतेक कंपन्या ती १ ते १० अशा श्रेणीत दाखवतात. नवशिक्याने २ ते ४ दरम्यानचा मऊ वा मध्यम मऊ बोर्ड पाहावा. ही श्रेणी सर्व कंपन्यांची एकसारखी नसते, याचे भान मात्र ठेवावे. एका कंपनीचा ४ दुसरीच्या ६ इतका ताठ निघू शकतो.

तळ आणि बाइंडिंग

बोर्डाचा तळ पॉलिथिलीनचा असतो. वितळवून दाबून काढलेला 'एक्स्ट्रूडेड' तळ स्वस्त, दुरुस्तीस सोपा आणि कमी देखभालीचा असतो. भुकटी उष्णतेने व दाबाने घडवून केलेला 'सिंटर्ड' तळ अधिक वेगवान, परंतु त्याला नियमितपणे मेण लावावे लागते. मेण न लावल्यास त्याचे गुण वाया जातात. पहिल्या दोन हंगामांत वेगाची उणीव कोणालाच भासत नाही, म्हणून एक्स्ट्रूडेड तळ पुरेसा आहे.

बूट आणि बोर्ड यांना जोडणारी बाइंडिंग्ज घेताना ती बोर्डावरील छिद्रांच्या रचनेशी जुळतात का, हे विचारावे. काही बोर्डांवर छिद्रांच्या ओळी असतात, तर काहींवर लांब खाच. कोणता पाय पुढे ठेवायचा हेही आधी ठरवावे. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर घसरताना जो पाय आपसूक पुढे जातो, तो बहुधा पुढचा. डावा पुढे असल्यास 'रेग्युलर', उजवा पुढे असल्यास 'गूफी'. यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही.

एक गोष्ट विसरता कामा नये. स्कीची बाइंडिंग्ज पडताना सुटतात, स्नोबोर्डची सुटत नाहीत. दोन्ही पाय जखडलेले असल्याने पडणारा माणूस स्वाभाविकपणे हात पुढे करतो आणि भार मनगटावर येतो. नवशिक्यांमध्ये मनगटाच्या दुखापती सर्रास आढळतात, त्या यामुळेच. तेव्हा हेल्मेट आणि मनगटरक्षक यांचा खर्च बोर्डाच्या रंगसंगतीआधी मांडावा.

विकत की भाड्याने?

वर्षाकाठी चार-पाच दिवस गुलमर्गला जाणाऱ्यास बोर्ड विकत घेण्याची घाई नको. विमानातून अवजड सामान नेण्याचा खर्च आहेच, शिवाय बर्फाची शाश्वतीही उरलेली नाही. जानेवारी २०२४मध्ये ऐन हंगामात गुलमर्गचे उतार कोरडे पडले होते. अशांनी बूट, हेल्मेट आणि मनगटरक्षक स्वतःचे घ्यावेत, बोर्ड भाड्याने घ्यावा. भाड्याचे वेगवेगळे बोर्ड वापरून पाहिले, की आपल्याला काय मानवते, हेही कळत जाते. बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्यांना मात्र खरेदी परवडते. उत्तर अमेरिकेत मार्च-एप्रिलमध्ये, हंगाम सरताना, दुकाने किमती उतरवतात.

जुना बोर्ड घेण्यात गैर काही नाही. पोलादी कडा सलग आहेत का, तळावर आतले लाकूड दिसण्याइतकी खोल जखम आहे का, थर सुटू लागले आहेत का, हे मात्र बारकाईने पाहावे. कडेवरचा हलका गंज घासून जातो, सुटलेले थर सहसा पूर्ववत होत नाहीत. जुने हेल्मेट मात्र घेऊच नये, कारण आतील तडा बाहेरून दिसत नाही.

मुलांसाठी 'वाढत्या मापाचे' घेण्याची आपली मध्यमवर्गीय रीत इथे घातक ठरते. मोठा बोर्ड मुलाला वळवता येत नाही आणि सैल बूट त्याला सावरू देत नाहीत. अनेक बर्फाळ शहरांत मुलांचे साहित्य पूर्ण हंगामासाठी भाड्याने मिळते, तो मार्ग अधिक शहाणपणाचा.

शेवटी, चांगला बोर्ड म्हणजे डोंगराचा परवाना नव्हे. गुलमर्गची गोंडोला प्रवाशाला अफरवटच्या अंगावर ३,९०० मीटरहून अधिक उंचीवर नेऊन सोडते. तेथील मोकळ्या उतारांवर फेब्रुवारी २०२३मध्ये हिमस्खलनात दोन पोलिश पर्यटकांनी प्राण गमावले. नवशिक्याची जागा खालच्या सौम्य उतारावर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली आहे. तिथे साधा, मऊ, वजनाला साजेसा बोर्ड आणि पायाला बसणारे बूट एवढी सामग्री पुरेशी होते. महागडी फळी घ्यायला पुढे अनेक हिवाळे आहेत.