सर्व्हे नंबराची तारीख का होते?

कर्नाटकात २००० साली सुरू झालेल्या ‘भूमी’ प्रकल्पामुळे बीदर जिल्ह्यातील कोहिनूरसारख्या सीमाभागातील गावांतही ‘पहाणी’, म्हणजे महाराष्ट्रातील सातबाऱ्याच्या जोडीचा उतारा, संगणकातून मिळू लागला. परंतु अशा नोंदींची यादी पीकविम्यासाठी किंवा कर्जवाटपासाठी स्प्रेडशीटमध्ये घेताना जे दोष शिरतात, त्यांच्या मुळाशी काही पक्के गैरसमज असतात.

सर्वांत रुजलेला समज असा की, सीएसव्ही फाईल उघडली की यादी जशीच्या तशी दिसते. वास्तविक सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर होय; कोणता रकाना अंकांचा आणि कोणता अक्षरांचा, हे त्यात नोंदलेले नसते, म्हणून ते एक्सेल स्वतःच्या अंदाजाने ठरवते. सर्व्हे नंबर १२, हिस्सा २ ही ‘१२/२’ अशी नोंद भारतीय तारीख-पद्धतीच्या संगणकावर १२ फेब्रुवारी होते, तर ‘११८/२’ तारखेत बसत नसल्याने तशीच राहते. रकाना अर्धाच बिघडल्यामुळे चूक नजरेतून निसटते, आणि हेच तिचे खरे घातकपण आहे.

रकान्याचे स्वरूप नंतर ‘टेक्स्ट’ केले की मूळ नोंद परत येते, हेही खरे नाही. एक्सेल तारीख दिवसांच्या क्रमांकाने साठवते. त्यामुळे २०२४ मध्ये उघडलेल्या फाईलमध्ये ‘१२/२’ या नोंदीच्या जागी ४५३३४ उमटते. बँक खाते क्रमांकाच्या आरंभीची शून्ये अशीच गळतात, आणि पंधरा अंकांपुढील प्रत्येक अंकाचे शून्य होते. यावर उपाय उघडण्यापूर्वीच करावा लागतो: ‘डेटा’ विभागातून मजकूर-फाईल आयात करताना प्रकार आपोआप ओळखण्याची सोय बंद करून असे रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून घ्यावेत.

नाव सारखे असले की दोन याद्या जुळतात, हा समज सीमाभागात विशेष महागात पडतो. गुलबर्गा १ नोव्हेंबर २०१४ रोजी अधिकृतपणे कलबुर्गी झाले, त्यामुळे २०११ च्या जनगणनेची यादी आणि आजची यादी जिल्ह्याच्या नावावर जुळत नाहीत. शिवाय देवनागरी, कन्नड आणि रोमन लिपींतील नावे संगणकाच्या लेखी वेगवेगळीच असतात. संकेतस्थळावरून उचललेल्या नावांमागे न दिसणारी, ‘ट्रिम’ या सूत्रानेही न निघणारी मोकळी जागा असू शकते. म्हणून गावे नावांवरून न जुळवता जनगणनेच्या सहा अंकी ग्राम-संकेतांकावरून जुळवणे अधिक भरवशाचे ठरते.

केवळ शेतकऱ्याच्या नावावरून दुबार ओळी काढून टाकणे ही तर सफाई नव्हेच. दोन सर्व्हे नंबरांत जमीन असलेल्या शेतकऱ्याची दुसरी, संपूर्ण वैध ओळ त्यात नाहीशी होते. यादी हाताळणाऱ्या प्रत्येकाने मूळ फाईलची प्रत वेगळी जपावी आणि आयातीनंतर ओळींची संख्या व क्षेत्राची बेरीज मुळाशी ताडून पाहावी, कारण गळलेल्या ओळीच्या मालकाला ती गळल्याचे कोणीही कळवत नाही.